मोहदरीची मेट

धर्मेंद्रला मेट व्हायचं होतं. ही गोष्ट त्यानं आजवर कोणालाही सांगितली नव्हती, आणि म्हणूनच ती सगळ्या मोहदरी गावाला ठाऊक होती.

मेट म्हणजे टोळीचा म्होरक्या. मोहदरी तशी नागपूरला लागूनच; टेकडीवर चढलं की मिहानच्या काचेच्या इमारती दिसतात आणि उतरणारं विमान डोक्यावरनं जाताना बोलणं थांबवावं लागतं. पण टेकडीच्या अलीकडे सागाचं, मोहाचं, तेंदूचं जंगल आहे आणि उन्हाळ्यात ते पेटतं. कधी कोणाच्या बिडीनं, कधी शेतातला कचरा जाळताना, कधी शहरातल्या नंदनवनाकडून गाड्या घेऊन आलेल्या हौशी मंडळींच्या चुलीनं. म्हणून थंडी सरली की वनखातं गावातल्याच माणसांची टोळी कामावर घेतं. पाठीवर पाला उडवायचा ब्लोअर, डोक्याला ओला दुपट्टा आणि नाकात सदानकदा धूर, असं ते काम. करायचं तर मनापासून करावं लागतं, नाहीतर मिहानमध्ये गेटवर खुर्ची टाकून बसलेलं बरं. धर्मेंद्र तिथंही बसून आला होता. करमलं नाही म्हणून परत आला.

इतकी वर्षं मेट होते वामनराव. त्यांच्या गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा रेंजर अरुंधती मॅडमनी त्यांनाच विचारलं, "आता कोणाला करायचं?" धर्मेंद्र शेजारीच उभा होता. त्यानं म्हणे शर्टाची कॉलरसुद्धा नीट केली. आणि वामनराव म्हणाले, "गोपिकाले करा, मॅडम. तिले घाई नाही."

गोपिका म्हणजे धर्मेंद्रची बायको.

आता घ्या! बोलायचं तरी काय? धर्मेंद्रनं टाळ्या वाजवल्या, सगळ्यांत जोरात वाजवल्या, आणि घरी जाऊन भाजीत मीठ कमी आहे म्हणून ताट सरकवलं. मीठ बरोबर होतं. गोपिकानं मुकाट्यानं मिठाचा डबा पुढं ठेवला. ती असल्या गोष्टींवर भांडत नसे, हीच तर तिची कटकट होती.

मॅडमनी तिला एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगितली होती, तीही सगळ्यांसमोर. "या हंगामापुरतं बघू, गोपिकाताई. टेकडीवरचं रोपवन तुमच्या हवाली आहे. ते जळलं तर मला दुसरा मेट शोधावा लागेल." रोपवन म्हणजे बांबूची न् आवळ्याची लागवड. याच टोळीनं खड्डे खणून, खांद्यावरनं पाणी वाहून ती जगवली होती. आवळ्याची झाडं आता कुठं डोक्याच्या वर गेली होती. गोपिका रोज काम सुटल्यावर तिथं एक चक्कर टाकायची, गोठ्यात गाय बसली का बघावं तशी.

वामनरावांचा एक नियम होता: लाइनवर नातं नाही, नाव. धुरात मामा म्हटलं की चार जण वळून बघतात. आता या गावात बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. गोपिकानंही लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. त्यानंतर "अवो, आयकलं का" यावरच संसार चालला होता. मेट झाल्यावर पहिल्याच दिवशी तिनं दगडावर उभं राहून खणखणीत हाक दिली, "धर्मेंद्र! डाव्या बाजूनं घ्या!" मीराबाईनं पदर तोंडात कोंबला. धर्मेंद्रनं आधी मागं वळून बघितलं, हा कोण धर्मेंद्र म्हणून.

दुसरा नियम गिनतीचा. हा नीट समजून घ्या, कारण पुढची सगळी भानगड याचीच आहे.

मोठी आग मारून विझत नाही. तिच्यापुढं जंगलात एक पट्टा साफ करून ठेवलेला असतो, त्याला फायर लाइन म्हणायचं. टोळी त्या लाइनवर उभी राहते आणि आग जवळ आली की लाइनीच्या कडेनं आपणच एक आग लावते. ही उलटी आग येणाऱ्या आगीकडं ओढली जाते, मधला पाला खाऊन टाकते, आणि दोन्ही आगी समोरासमोर येऊन उपाशी मरतात. नामी युक्ती आहे. पण त्या दोन आगींच्या मधे माणूस असला तर त्याचं काय होईल ते सांगायला नको. म्हणून काडी ओढायच्या आधी मेट "गिनती!" म्हणून ओरडतो आणि लाइनवरचा एकेक जण आपलं आपलं नाव ओरडून सांगतो. सगळी नावं आली तरच काडी.

आणि या टोळीत होता उन्मेष. माणूस सोन्यासारखा, हत्तीच्या ताकदीचा, पण दात घासायच्या आधी खर्रा घोटणारा. त्याच्या गालात कायम खर्रा, म्हणजे घोटलेल्या तंबाखू-सुपारीचा तोबरा. गिनतीच्या वेळी त्याला ओरडता यायचं नाही. ओरडायचं तर थुंकावं लागणार, आणि नुकताच टाकलेला खर्रा थुंकायचा म्हणजे त्याच्या जिवावर यायचं. मग तो धर्मेंद्रला कोपरानं ढोसायचा आणि धर्मेंद्र आवाज जाड करून, तोंडात काहीतरी असल्यागत ओरडायचा, "उन्मेऽऽष!" लगेच पाठोपाठ आपल्या आवाजात, "धर्मेंद्र!" वामनराव एका कानानं कमी ऐकायचे. कोणाला काही कळलं नाही. उन्मेष शेजारीच तर असायचा, त्यात बिघडलं काय? दोस्त दोस्तासाठी एवढंही करणार नाही का?

मोहाची फुलं पडायला लागली होती तेव्हाची गोष्ट; गोपिका मेट झाल्यापासून काडी ओढायची वेळ अजून आली नव्हती. दुपारचं ऊन, वारा खालून वर. नाल्याच्या अंगानं धूर उठला आणि बघता बघता काळा झाला. टोळी तेंदूच्या सावलीत भाकरी सोडत होती, ती तशीच बांधून उठली.

गोपिकानं धुराकडं पाहिलं, हातातली चिमूटभर माती सोडून वारा पाहिला आणि बोलली ते इतकंच, "नाल्याच्या लाइनवर जाऊ. आज मारून होत नाही, काडी लागन."

लाइनवर पोचेपर्यंत उन्हानं आणि धुरानं जीव मेटाकुटीला आला. सागाचा पाला पुन्हा लाइनवर पडलेला, तो ब्लोअरनं उडवायचा होता. विक्रम आणि सरिता वरच्या टोकाला, मीराबाई मधे, धर्मेंद्र आणि उन्मेष खालच्या टोकाला. ब्लोअरचा आवाज असा की शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नाही. त्यातच उन्मेषनं धर्मेंद्रच्या पाठीवर थाप मारली, गाल फुगलेला, आणि अंगठ्यानं मागं, झाडीकडं खूण केली. धर्मेंद्र समजला, पेट्रोल संपलं, कॅन आणायला चालला. त्यानं मान हलवली, जा म्हणून. उन्मेष गेला.

लाइन साफ झाली. खालून आगीचा आवाज यायला लागला, तवा तापल्यावर फोडणी पडावी तसा, पण थांबायचं नाव नाही. पाखरं डोक्यावरून ओरडत गेली. गोपिका दगडावर चढली, हातात काडेपेटी.

"गिनती!"

"विक्रम!" "सरिता!" "मीराबाई!"

धर्मेंद्रनं बाजूला पाहिलं. उन्मेष नव्हता. पण असेल ना, इथंच मागं असेल, कॅन घेऊन येतच असेल. आग समोर दिसत होती. काडीला उशीर झाला तर रोपवन गेलं, आणि रोपवन गेलं तर... म्हटलं ना, बायकोबद्दल त्याच्या मनात अढी असेल, पण तिचं मेटपण जावं असं त्याला सपनातही वाटलं नव्हतं. तिच्यासाठीच त्यानं आवाज जाड केला.

"उन्मेऽऽष! ... धर्मेंद्र!"

काडी ओढल्याचा आवाज आला नाही.

"उन्मेष," वरनं गोपिकाचा आवाज आला, "पुन्हा बोल."

 धर्मेंद्रनं आवाज आणखी जाड करून पुन्हा ओरडून पाहिलं. आणि मग गोपिका दगडावरून उतरून लाइनवरनं धावत खाली आली. तिचा चेहरा त्यानं असा कधी पाहिला नव्हता.

"तुमचा आवाज मले ओळखू येत नाही का?" ती म्हणाली. "उन्मेष कुठं आहे?"

"पेट्रोल आणाले गेला, वाटते... खूण केली न त्यानं..."

"पेट्रोलची कॅन माह्यापाशी आहे."

धर्मेंद्रनं वळून पाहिलं. पाला उडवताना त्याची पाठ खालच्या अंगाला होती; अंगठा ज्या बाजूला गेला होता ती बाजू नाल्याची होती. नाल्यापलीकडं गणपतरावांचा मोह. पंचाहत्तरी गाठलेला म्हातारा. फुलं वेचायला सोपं जावं म्हणून दरसाल झाडाखालचा पाला पेटवून देतो. टोळीनं यंदा त्याला विनवून सांगितलं होतं, बाबा, जुनं लुगडं अंथरा, फुलं त्यावर पडतात. तो हो-हो म्हणाला होता. आग त्याच्याच झाडाखालची होती आणि उन्मेषनं म्हाताऱ्याला पाहिलं होतं. एवढंच तो अंगठ्यानं सांगत होता.

लाइन आणि आग यांच्या मधे दोन माणसं होती. आणि काडी ओढली असती तर!

"मी जातो," धर्मेंद्र ब्लोअर उतरवायला लागला.

"नाही जायचं."

"माह्यानं झालं हे! माहा दोस्त आहे तो!"

"मले मालूम आहे कोणाचा कोण आहे ते." गोपिकाचा आवाज चढला नाही. "तुम्ही गेले तर तीन होतीन तिथं. धर्मेंद्र, ब्लोअर चालू करा. नाल्याच्या तोंडाशी उभे राहा. आग डाव्या बाजूनं तोंड बुजवाले येईन, तिकडचा पाला आतमधी उडवत राहा. ते वाट बंद झाली तर उन्मेष बाहेर येत नाही. मी सांगत नाही तोवर हलायचं नाही."

मग ती वळली आणि लाइनभर ओरडली, "लाइन सोडा! विक्रम, सरिता, वर गाडरस्त्यावर जा, तो साफ करा. दुसरी लाइन तिथं!"

विक्रम जागचा हलला नाही. "वयनी, गाडरस्ता रोपवनाच्या वर आहे."

"मालूम आहे."

"मग रोपवन..."

"जाऊ दे ते. पाय उचल!"

सगळ्यांना कळलं ती काय सोडून देत होती. बांबू, आवळे, वाहिलेलं पाणी, आणि मॅडमनी दिलेलं मेटपण, सगळं एका वाक्यात. काडेपेटी तिनं कमरेला खोचली. मीराबाईला नाल्याच्या वरच्या कपारीवर उभं केलं आणि सांगितलं, "ओरडत राहा वं. धुरात त्याले दिशा नाही समजणार. तुह्या आवाजाच्या मागं येईन तो." मीराबाईचा आवाज गावात प्रसिद्ध होता; नळावर भांडण लागलं की दुसऱ्या आळीला ऐकू जायचं. तिनं आज तो सगळा कामी लावला. "उन्मेषऽऽ! इकडं येऽऽ! अबे मुडद्याऽऽ, इकडं!"

आणि धर्मेंद्र नाल्याच्या तोंडाशी उभा राहिला.

त्याला आयुष्यात एवढं अवघड काही करावं लागलं नव्हतं. धावत जाणं सोपं होतं. आत उडी मारली असती, मेला असता तरी गावानं नाव काढलं असतं. पण इथं पाय रोवून उभं राहायचं, ब्लोअरची नळी डावी-उजवी करायची, पेटलेला पाला पुन्हा आत ढकलायचा आणि दोस्त आत असताना तिथून हलायचं नाही. भुवया करपल्याचा वास त्याला आला. डोळ्यांतून धार लागली, ती धुरानंच असं नाही. एकदा आगीची जीभ डावीकडून वळली आणि त्याला वाटलं, झालं, बुजली वाट. तेवढ्यात पाठीवर पाणी पडलं. गोपिका मागं होती. तिनं पिण्याच्या पाण्याची कॅन त्याच्यावर रिकामी केली होती आणि त्याच्या कानाशी ओरडत होती, "अजून थोडं! भारी करून राहिले! अजून थोडं!"

भारी करून राहिले, म्हणे! लग्नाला एवढी वर्षं झाली, एवढं कौतुक तिनं कधी केलं नव्हतं.

मग धुरातून आधी एक टोपली दिसली. खरंच, आधी टोपलीच दिसली. मोहफुलांची टोपली छातीशी धरलेले गणपतराव, आणि त्यांच्या खाली, त्यांना पाठुंगळी घेतलेला उन्मेष. म्हाताऱ्याचा पाय मुरगळला होता, पण टोपली सोडायला तो तयार नव्हता. उन्मेषचा गाल अजून फुगलेलाच होता.

"वर!" गोपिका ओरडली. "सगळे वर!"

रोपवनातून ते वर पळाले. मागं आवळ्याची पहिली ओळ पेटली तेव्हा गोपिकानं मान वळवली नाही. धर्मेंद्रनं वळवली.

गाडरस्त्यावर विक्रम आणि सरितानं पाला उडवून जमीन चकचकीत केली होती. गोपिका रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. "गिनती!" सगळे तिच्या हाताच्या अंतरावर, डोळ्यांसमोर होते, तरी गिनती. विक्रम, सरिता, मीराबाई. मग ती उन्मेषकडं बघत थांबली. उन्मेषनं थू करून अख्खा खर्रा थुंकला आणि जंगल हादरेल असं स्वतःचं नाव ओरडला. धर्मेंद्रनं आपलं नाव घेतलं. तिनं काडी ओढली.

दोन्ही आगी रोपवनाच्या मधोमध भेटल्या. एकदा भडकून उंच गेल्या आणि मग खायला काही उरलं नाही म्हणून बसल्या. टेकडीचा माथा वाचला, पलीकडचं साग वाचलं, गावातली वैरण वाचली. कडेचे थोडे बांबू हिरवे उरले. बाकी रोपवन काळं पडलं होतं आणि धुमसत होतं.

उन्हं कलता अरुंधती मॅडम नागपुरातली, रामदासपेठेतली मीटिंग अर्ध्यावर सोडून आल्या. जीपमधून उतरल्या आणि जळलेल्या ओळींमधून खाली नाल्याच्या लाइनपर्यंत एक फेरी मारली. टोळी रस्त्याच्या कडेला बसली होती. गणपतरावांच्या पायाला मीराबाई पट्टी बांधत होती आणि तोंडानं त्यांची पूजाही करत होती.

"नाल्याच्या लाइनवर तुम्ही वेळेत होतात," मॅडम म्हणाल्या. "लाइन साफ आहे, मी पाहून आले. मग काडी का नाही लावली?"

"गिनती पुरी नव्हती, मॅडम," गोपिका उभी राहिली.

"का नव्हती?"

"टोळी माही आहे. चूक माही."

मॅडम तिच्याकडं बघत राहिल्या.  आणि धर्मेंद्र उठला. त्याला काही शौर्य वगैरे दाखवायचं नव्हतं. बायको आपल्यासाठी खोटं बोलतेय हे त्याला बघवेना, बस.

"तिची नाही, मॅडम. उन्मेषचं नाव मी घेतलं. तो नव्हता तिथं, तरी घेतलं. आधीपासून घेत होतो, वामनरावच्या येळेपासून. हिनं आवाज ओळखला म्हणून हा जिवंत आहे. नाहीतर आज..." 

उन्मेष खाली मान घालून म्हणाला, "माहीबी गलती आहे, मॅडम. मी खर्रा थुकला असता तर सांगून गेलो असतो." आणि तो पोरासारखा रडायला लागला. एवढा मोठा गडी.

मॅडमनी आधी उन्मेषकडं, मग धर्मेंद्रकडं पाहिलं. मग म्हणाल्या, "गोपिकाताई, या टोळीच्या मेट तुम्ही आहात. उद्याही तुम्हीच आहात. तेव्हा टोळीत काय करायचं ते तुम्ही ठरवा, मी नाही."

म्हणजे मेटपण राहिलं! मीराबाईनं हात जोडले. विक्रमनं धर्मेंद्रच्या गुडघ्यावर थाप दिली. सगळ्यांना वाटलं, मिटलं.

गोपिका मात्र हसली नाही. ती धर्मेंद्रसमोर येऊन उभी राहिली. करपलेल्या भुवयांकडं तिनं एकदा बघितलं, आणि तिची हनुवटी थोडीशी हलली. पण आवाज हलला नाही.

"उन्मेष कामावर राहीन. जंगलात खर्रा पुन्हा दिसला तर तोबी घरी. धर्मेंद्र, ब्लोअर इथं ठेवा. या हंगामात तुम्ही टोळीत नाही."

"वयनी!" उन्मेष ओरडला. "आज यानंच वाट धरून ठेवली न वं! हा नसता तर मी..."

"मी पाहिलं ते. जल्मभर इसरणार नाही," गोपिका म्हणाली. "पण गिनतीत खोटं नाव घेणाऱ्या माणसाच्या भरवशावर मी काडी नाही ओढू शकत. माहा नवरा असला तरी नाही."

धर्मेंद्रला वाटलं, आता राग येईल. तो वाट बघत राहिला. आलाच नाही. वामनराव त्या दिवशी काय म्हणाले होते आणि का म्हणाले होते, ते त्याला आता लख्ख कळत होतं. आपण मेट असतो तर काडी ओढली असती. नक्की ओढली असती. त्यानं ब्लोअर उतरवला, नळीतली राख दुपट्ट्यानं पुसली, पट्टे नीट गुंडाळले आणि तो विक्रमच्या हातात दिला.

"स्टार्टरची दोरी जरा जाम होते. हळू ओढजो," एवढंच म्हणाला, आणि टेकडी उतरायला लागला.

गावाच्या तोंडाशी चहाच्या टपरीवर पाच-सहा जण धुराकडं बघत बसले होते. राखेनं माखलेला, भुवया नसलेला धर्मेंद्र एकटाच येताना पाहून सगळे उठले. कोणाला लागलं का, कोण जळलं का, विचारायला लागले.

"सगळे खुशाल आहेत," धर्मेंद्र म्हणाला. "गणपतरावबी."

"मग तू एकटाच काहून येऊन राहिला गा?"

"मले कामावरून काढलं."

टपरीवाल्याचा हात तसाच राहिला. "तुले? कोणाची एवढी हिंमत झाली बे?"

धर्मेंद्रनं बाकावर ऐसपैस बसकण मारली, ग्लास हातात घेतला आणि साऱ्या टपरीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "माह्या बायकोची."